तांबेऱ्याची बखर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, शकावल्या आणि दप्तरांतील रुमाल आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. स्वाऱ्या, तह, वतनांचे तंटे आणि दुष्काळांच्या नोंदी या साधनांत मिळतात. परंतु ज्या शत्रूने शेकडो वर्षे उभी पिके बुडविली, महसुलाचे आकडे खोटे पाडले आणि गावेच्या गावे देशोधडीस लावली, त्याची हकीकत या कागदांत दोनचार ओळींहून अधिक सापडत नाही. ‘यंदा गव्हावर तांबेरा पडला’ एवढे लिहून लेखक पुढे जातो. तांबेरा कोठून आला, यापूर्वी कोठे होता, त्याचे पूर्वज कोण, हे सांगणारा कागद कोणाजवळच नव्हता. तो कागद तांबेऱ्याने स्वतःच जपून ठेवला होता, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माणसाला तो वाचता येऊ लागला आहे. या नव्या साधनाची ओळख करून देण्याचा आमचा येथे हेतू आहे.

तांबेरा म्हणजे गव्हाच्या अंगावर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी. तिच्या तीन जाती गव्हाला त्रास देतात. एक खोडावरचा काळा तांबेरा, दुसरा पानावरचा तपकिरी आणि तिसरा पट्ट्यापट्ट्यांनी उमटणारा पिवळा. रोग पडलेल्या शेतातून चालत गेले तर धोतराला गेरूसारखी पूड लागते. या पुडीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीजाणू होय, आणि तो वाऱ्यावर शेकडो कोस जाऊ शकतो. प्राचीन रोमन लोक या रोगाच्या देवतेला शांत करण्यासाठी दरवर्षी २५ एप्रिलला उत्सव करीत. १७६७ मध्ये इटलीतील फोंताना याने सूक्ष्मदर्शकातून पाहून ही पूड म्हणजे एक परोपजीवी सजीव असल्याचे दाखविले. बार्बेरीच्या झुडपाजवळ गहू हमखास तांबेरतो, असा पाश्चात्य शेतकऱ्यांचा जुना अनुभव होता, आणि त्याच अनुभवावरून अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ मध्ये ही झुडपे तोडण्याचा कायदा केला. त्या अनुभवामागील कारण जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने १८६५ च्या सुमारास सिद्ध केले. खोडावरचा तांबेरा आपले अर्धे आयुष्य गव्हावर व अर्धे बार्बेरीवर काढतो, आणि त्याचे लैंगिक मीलन बार्बेरीवर होते. या बार्बेरीची आपल्याकडील सख्खी बहीण म्हणजे दारुहळद.

हिंदुस्थानातील हकीकत अशीच जुनी आहे. १८१८ पर्यंत मराठी अंमलाखाली असलेल्या सागर-नर्मदेच्या प्रदेशात १८३० च्या आगेमागे गव्हावर तांबेऱ्याच्या भयंकर साथी आल्या. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला स्लीमन तेव्हा त्याच मुलखात अधिकारी होता. नर्मदेच्या खोऱ्यातील कोसच्या कोस पसरलेले गव्हाचे पीक या रोगाने कसे नष्ट झाले, याचे वर्णन त्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करून ठेविले आहे. लोक त्या आपत्तीचे कारण माणसांच्या पापाचरणात शोधीत, असेही तो लिहितो. पुढे शतकाच्या अखेरीस शिमल्यास बार्क्ले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुसा येथे बटलर यांनी तांबेऱ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. तथापि एक कोडे कोणालाच सुटले नव्हते. उत्तरेकडील मैदानांत वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात तांबेऱ्याचे बीजाणू जिवंत राहत नाहीत. शेतात गव्हाचे हिरवे पानही उरत नाही. मग पौष-माघात तो पुन्हा येतो कोठून?

हे कोडे सोडविण्यात आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्य वेचले. गावोगावची रोगट पाने गोळा करणे, चिकट लेप लावलेल्या काचा टांगून हवेतील बीजाणू पकडणे, डोंगरात हिंडून उन्हाळ्यात कोठे हिरवा गहू उभा असतो ते पाहणे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. त्यांचा मुख्य प्रबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा दुसरा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, निघाला. त्यांचा निष्कर्ष असा की, तांबेरा उन्हाळा डोंगरांत काढतो. उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या डोंगरांत थंड हवेमुळे गहू बारमाही राहतो, आणि तेथून बीजाणू दरवर्षी मैदानात उतरतात. हिमालयातील दारुहळद मात्र या चक्रात भाग घेत नाही, हेही त्यांनी दाखविले. पुढे १९७० नंतरच्या दशकात नागराजन, जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाचा आणखी पाठपुरावा केला. बंगालच्या उपसागरात कार्तिक-मार्गशीर्षात उठणारी वादळे निलगिरीवरील बीजाणू उचलून मध्य भारतावर नेतात व पावसाबरोबर खाली टाकतात, असे त्यांस आढळून आले. दक्षिण आणि मध्य भारताला खोडावरच्या तांबेऱ्याची भीती अधिक का, याचा उलगडा या वाटेने होतो. १९४६-४७ साली मध्य भारतात हाच रोग साथीच्या रूपाने आला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे, तेही थंड हवेचा हाच गुण पाहून.

येथवरची हकीकत वाटेची झाली, वंशाची नव्हे. वंशाचा प्रश्न निराळा आणि अधिक गहन होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील स्टेकमन याने दाखविले की, एकाच तांबेऱ्यात डोळ्यांना सारखे दिसणारे, परंतु वेगवेगळ्या गव्हांवर वेगवेगळी मात्रा चालणारे अनेक वाण असतात. कृषिशास्त्रज्ञ मोठ्या कष्टाने रोगाला दाद न देणारा गहू काढीत, आणि काही वर्षांतच त्यालाही गिळणारा नवा वाण उभा राही. बार्बेरीवर मीलन होते तेथे नवे वाण उपजणे समजण्यासारखे आहे. पण आपल्या देशात दारुहळद या खेळात नाही. म्हणजे येथला तांबेरा पिढ्यान्‌पिढ्या केवळ आपल्या नकला काढीत असतो. विवाहसंबंध ज्या कुळात होत नाहीत त्यात इतकी विविधता कशी? कलमावर कलम केलेल्या आंब्याला दरवर्षी नवी चव यावी, तसेच हे नवल होते. सिडनीच्या वॉटसन यांनी १९५७ मध्ये गव्हाच्या रोपावर दोन वाण एकत्र वाढवून त्यांतून तिसरा निपजल्याचे दाखविले होते. पण प्रयोगशाळेत होते ते शेतातही होते काय, याचा पुरावा तेव्हाच्या साधनांनी मिळण्याजोगा नव्हता.

तो पुरावा ज्या विद्येने दिला ती म्हणजे तौलनिक जनुकसंचशास्त्र. नाव अवजड आहे, पण तिची पद्धत मराठी वाचकास परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या मिळवून डॉ. सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओळीओळीने ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत एकच चूक किंवा एकच वाढीव श्लोक आढळला, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान निघते. अशा रीतीने पोथ्यांचे वंशवृक्ष तयार झाले. जीवमात्राच्या पेशीतही अशीच एक पोथी असते. ती चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असून प्रत्येक पिढीत तिची नवी नक्कल उतरविली जाते, आणि नकलणाऱ्याच्या हातून अधूनमधून चूक होते. या पोथीस जनुकसंच म्हणतात. निरनिराळ्या बुरशींचे जनुकसंच वाचून त्यांतील पाठभेद ताडून पाहणे, हेच या शास्त्राचे काम.

पिकांवरील बुरशींच्या पोथ्या गेल्या वीसएक वर्षांत एकामागून एक वाचून झाल्या. भातावरील करप्याची २००५ मध्ये, मक्यावरील काणीची २००६ मध्ये, सातूवरील भुरीची २०१० मध्ये आणि गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याची २०११ मध्ये. तांबेऱ्याच्या पोथीत सुमारे ८ कोटी ९० लाख अक्षरे व १७,७७३ जनुके मोजण्यात आली. मक्याच्या काणीची पोथी जेमतेम २ कोटी अक्षरांची भरली. भुरीची सुमारे १२ कोटी अक्षरांची निघाली, पण तीत जनुके फक्त सहा हजारांच्या आसपास होती. तांबेऱ्याच्या पोथीचा जवळजवळ निम्मा भाग व भुरीच्या पोथीचा त्याहूनही मोठा भाग एकाच मजकुराच्या पुनरुक्तीने भरलेला आहे. प्रथमदर्शनी हा नकलणाऱ्याचा गबाळेपणा वाटतो. पण पुनरुक्तीच्या या रानातच पोथीची पाने फाटतात, उलटतात व नवी जुळतात, आणि कित्येक बुरशींत रोग घडविणारी जनुके अशाच अस्थिर भागांत वसलेली सापडतात.

सर्वांत उद्बोधक गोष्ट आहे ती गळलेल्या पानांची. तांबेरा व भुरी हे बुरशीच्या दोन अगदी दूरच्या शाखांचे. त्यांचा समान पूर्वज कोट्यवधी वर्षांमागचा. तरीही दोघांच्या पोथ्यांतून जमिनीतील नायट्रेट पचविण्याची जनुके गेलेली आहेत. जो जीव नेहमी दुसऱ्याच्या पंक्तीस तयार अन्नावर बसतो, तो चूल पेटवायला विसरतो, असा हा प्रकार आहे. उलट वनस्पतीकडून तयार अन्न ओढून घेणारी जनुके तांबेऱ्यात वाढलेली दिसतात. प्रयोगशाळेत हा जीव कृत्रिम अन्नावर वाढविताना शास्त्रज्ञांची जी दमछाक होते, तिचे मूळ या गळतीत असले पाहिजे. उत्क्रांती म्हणजे सदैव काहीतरी मिळवीत जाणे, असा जो आपला समज असतो, तो या दोन पोथ्यांनी खोटा ठरविला आहे. दोन परक्या कुळांनी परान्नपुष्ट होताना स्वतंत्रपणे तीच वाट धरली आणि वाटेत तेच ओझे टाकून दिले.

परान्न मिळवायचे तर यजमानाला बेसावध ठेवावे लागते. त्यासाठी या बुरशी वनस्पतीच्या पेशींत शेकडो लहान प्रथिने सोडतात. ती हेरांसारखी आत शिरून वनस्पतीची संरक्षणव्यवस्था निकामी करतात. वनस्पतीजवळही पहारेकरी जनुके असतात. त्यांपैकी एकाने एखादा हेर ओळखला तर ती पेशी स्वतः मरून रोगाची वाट बंद करते. जवसाच्या तांबेऱ्यावर काम करणारे अमेरिकेतील फ्लोर यांनी १९४० नंतरच्या दशकात हे जशास तसे नाते केवळ संकरांच्या हिशेबावरून ओळखले होते. जनुक म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही तेव्हा ठरलेले नव्हते. खोडावरच्या तांबेऱ्याचे असे दोन हेर २०१७ मध्ये प्रथमच नावानिशी पकडण्यात आले. पहाऱ्यातून सुटण्यासाठी तांबेऱ्याला नवी विद्या शिकावी लागत नाही. ओळखला गेलेला हेर बदलला किंवा गाळून टाकला की पुरते.

आता आमच्या मूळ कोड्याकडे वळू. १९९८ मध्ये युगांडातील गव्हावर खोडावरच्या तांबेऱ्याचा एक नवा वाण दिसला. तो पुढे ‘युजी ९९’ या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाला. राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणून मिळविलेले ‘एसआर ३१’ हे पहारेकरी जनुक तोपर्यंत अनेक देशांच्या गव्हाचा आधार बनले होते. पंजाब-हरियाणात फार मोठ्या क्षेत्रावर पेरली गेलेली ‘पीबीडब्ल्यू ३४३’ ही जातही त्याच आधारावर उभी होती. युजी ९९ ने नेमका हा पहारा चुकविला. केनिया व इथिओपिया ओलांडून तो २००६ पर्यंत येमेनमध्ये पोहोचला, आणि २००७ मध्ये इराणात गोळा केलेल्या नमुन्यांतही त्याच्या कुळातील वाण सापडला. पश्चिमेकडून येणारा वारा कोणत्या देशांवरून वाहतो हे नकाशा पाहणाऱ्यास सांगावयास नको. हरितक्रांतीचे अध्वर्यू नॉर्मन बोरलॉग यांनी वार्धक्यातही या धोक्याची हाकाटी केली, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील रोगट शेतांत भारतीय गव्हांची आगाऊ परीक्षा घेण्यास प्रारंभ केला.

हा वाण आला कोठून, याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. तांबेऱ्याच्या गव्हावरील प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र केंद्रके असतात. एका रुमालात दोन पोथ्या बांधून ठेवाव्यात, तशी ती शेजारी शेजारी नांदतात, पण परस्परांत मिसळत नाहीत. पूर्वीच्या वाचनपद्धतीत या दोन पोथ्यांची पाने एकत्र कालवली जात आणि कोणते पान कोणाचे ते कळत नसे. नव्या पद्धतीने ती वेगळी वाचता आली. प्रत्येकीत अठरा गुणसूत्रे निघाली. मग युजी ९९ ची तुलना १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम आढळलेल्या आणि मूळच्या दक्षिण आफ्रिकेकडील समजल्या जाणाऱ्या एका जुन्या वाणाशी करण्यात आली. तेव्हा दिसून आले ते असे की, युजी ९९ च्या रुमालातील एक पोथी त्या जुन्या वाणाच्या एका पोथीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. दुसरी मात्र पूर्णपणे परकी. मीलन झाले असते तर दोन्ही पोथ्यांची पाने एकमेकींत मिसळलेली दिसली असती, पण तसे एकही लक्षण नव्हते. याचा अर्थ, आफ्रिकेत केव्हातरी दोन वाणांचे तंतू एकमेकांस भिडले आणि त्यांनी अखंड केंद्रकांची अदलाबदल केली. वॉटसन यांच्या रोपावर घडले ते निसर्गातही घडते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. बार्बेरीवाचूनही नवे कूळ स्थापन होऊ शकते, ही गोष्ट दारुहळदीचा आधार नसलेल्या आपल्या देशाच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे हे सांगणे नलगे.

हे ज्ञान पंडितांच्या चर्चेपुरते राहिलेले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशातील आठ जिल्ह्यांत सुमारे १५,००० हेक्टर गव्हावर करपा पडला. गव्हाचा करपा हा १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम नोंदलेला रोग. आशियात तो पूर्वी कधी दिसला नव्हता. भातावरील करपा मात्र वंगभूमीत सर्वत्र आहे, आणि दोन्ही बुरशी एकाच कुळातील. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, घरचाच भातावरील रोग गव्हावर उडाला, की दक्षिण अमेरिकेतील रोग समुद्र ओलांडून आला? पहिले खरे असते तर जेथे जेथे भाताशेजारी गहू आहे तेथे तेथे धास्ती होती. दुसरे खरे असेल तर आयात धान्यावर पहारा हवा आणि रोगाचा प्रदेश वेढून टाकण्यास वाव होता. शास्त्रज्ञांनी शेतातील रोगट पानांतूनच बुरशीची पोथी वाचली, वाचलेला मजकूर कोणालाही पाहता येईल असा उघडा ठेवला, आणि थोड्याच काळात रोगाचे कूळ दक्षिण अमेरिकेचे ठरले. पुढे झांबियातील करप्याच्या तुलनेतून असेही निघाले की, आफ्रिकेत व बांगलादेशात तेच कूळ पोहोचले, पण वेगवेगळ्या वेळी. इकडे पश्चिम बंगालमध्ये नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत काही वर्षे गहू पेरण्यास बंदी करण्यात आली आणि सरहद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा गव्हाविना ठेवण्याचे ठरले. ज्या शेतकऱ्याला एका हुकुमाने आपले हाताशी आलेले पीक सोडावे लागते, त्याला त्या हुकुमामागील कारण खरे असल्याची खात्री मिळण्याचा हक्क आहे. अशी खात्री पूर्वीच्या पिढीतील कोणताही अधिकारी देऊ शकला नसता.

या साऱ्या हकीकतीत माणसाचा वाटा किती, हा प्रश्न टाळता येणार नाही. ब्राझीलमध्ये गव्हाचा करपा कसा उपजला, याचा शोध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गवतावरील बुरशीला बहुतेक गव्हांतील एक पहारेकरी जनुक अडवून धरीत असे. ते जनुक नसलेली गव्हाची जात तेथे मोठ्या क्षेत्रावर पेरली गेली. त्या शेतांत बुरशीने पाय रोवले, आणि पुढे आपला हेर गाळून ती उरलेल्या गव्हांवरही चालून गेली. युजी ९९ चीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. एकच पहारेकरी अर्ध्या जगाच्या वेशीवर उभा केला, तर त्याला चुकविणाऱ्यास अर्धे जग मोकळे सापडते. पोथी नकलताना होणारी चूक निसर्गाची असते, परंतु ती चूक लाखो एकरांवर छापून काढण्याचे काम आपल्या सोयीच्या शेतीने केले आहे. स्लीमनच्या काळातील लोक तांबेऱ्याचे कारण माणसाच्या वर्तनात शोधीत, याला आपण हसतो. त्यांनी सांगितलेले पाप खरे नव्हते, पण रोगाच्या इतिहासात माणसाचे वर्तन गुंतलेले असते, एवढा त्यांचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता.

शेवटी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तुलना करावयाची तर जुनी प्रत हाती असावी लागते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्याने दुष्काळ पाडला व सुमारे दहा लक्ष माणसे दगावली. तो रोग घडविणारा जीव खऱ्या बुरशींपैकी नसला तरी त्याची राहणी तशीच. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेली त्या शतकातील वाळकी पाने घेऊन त्यांतील रोगाची पोथी वाचली, आणि दुष्काळ ज्या वाणाने पाडला असे मानले जाई तो वाण दोषी नसून त्याचा एक निराळा भाऊबंद दोषी होता, असा निकाल लागला. तब्बल दीडशेहून अधिक वर्षांनी हा खटला निकालात निघाला, तो कोणीतरी एक रोगट पान कागदावर चिकटवून खाली गाव व तारीख लिहून ठेवली म्हणून.

अशी पाने आपल्याजवळही आहेत. बटलरने १९०५ मध्ये पुसा येथे आरंभिलेला बुरशींचा संग्रह १९३४ च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीस आला व आजही भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा संग्रह आहे. शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात तांबेऱ्याचे वाण जिवंत राखले जातात. हे काम करणाऱ्यांची नावे बातम्यांत येत नाहीत. नमुना नोंदणे, पाकिटावर तारीख घालणे, कपाटाला वाळवी लागू न देणे, दरसाल जिवंत वाण नव्या रोपावर उतरविणे, असा हा नीरस उद्योग आहे. दप्तरात आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींस त्याचे मोल अधिक कळावे. आजची जावक नोंद कोणाच्या उपयोगी पडणार हे ती करणाऱ्यास ठाऊक नसते, आणि ‘कालबाह्य’ असा शेरा मारून रद्दीत काढलेला कागद नंतर कोणत्याही खर्चाने परत मिळत नाही. मेहतांनी पाने गोळा केली तेव्हा त्यांतील चार अक्षरांची लिपी कोणास ठाऊकही नव्हती. उद्याचा शास्त्रज्ञ आजच्या पानांतून काय वाचील, याची कल्पना आपल्यालाही नाही. तांबेरा आपली बखर प्रत्येक हंगामात पुढे लिहीतच आहे. तिची दरसालची प्रत जपून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.